संग्रहालय कोणाच्या पैशाचें, कोणाच्या हातचें?

शेतकऱ्याला कलेची चाड नाहीं, त्याला बैल आणि बाजार एवढेंच कळतें, तेव्हां कलासंग्रहालयें हीं रसिकांसाठींच असावीं, असें बोलणारे विद्वान अजून आपल्यांत आहेत. तें ऐकून आम्हांस रागाआधीं हंसूं येतें. ज्या समया, अडकित्ते, नक्षीचे खांब कांचेआड ठेवून हे रसिक माना डोलावतात, ते घडविले कोणीं? तांबटानें, लोहारानें, सुतारानें. रसिकाच्या आजानें नव्हे!

अलीकडे प्रत्येक संग्रहालय आपलें ध्येय कागदावर लिहितें: जतन, संशोधन, लोकशिक्षण. शब्द चांगले आहेत. ‘लोक’ म्हणजे कोण, एवढेंच त्यांत लिहिलेलें नसतें.

सातारा जिल्ह्यांतील औंधचें उदाहरण घेऊं. यमाईच्या डोंगरावर १९३८ सालीं भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं श्रीभवानी संग्रहालय उभें केलें. राजा रविवर्मा यांचीं चित्रें तेथें आहेत; हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें आई-मुलाचें शिल्पहि आहे. राजेसाहेब स्वतः चित्रें काढीत, आणि १९३९ सालीं त्यांनीं रयतेस राज्यकारभाराचे हक्क दिले. ते ब्राह्मण होते म्हणून हें श्रेय आम्ही नाकारणार नाहीं. सत्यशोधकाला तें शोभत नाहीं. परंतु हिशेब तो हिशेब. औंध संस्थान ७२ गांवांचें, आणि त्याचा खजिना भरे शेतसाऱ्यानें. संग्रहासाठीं जी थैली सुटली, ती आटपाडीच्या माळावर बाजरी काढणाऱ्याच्या व कुंडलच्या कुणब्याच्या घरांतून आलेली होती. मग देणगीदारांत पहिलें नांव रयतेचें नको काय?

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हीच तक्रार मांडली होती: सारा रयतेचा आणि विद्या वरच्या वर्गाची. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, संग्रहालय आज महाराष्ट्र सरकारचें आहे. म्हणजे पैसा देणारा तोच, कारभारी तेवढा बदलला.

आम्ही एकदां चौथीच्या मुलांस घेऊन एका संग्रहालयास गेलों होतों. कोणत्या तें सांगत नाहीं. दारावरील शिपायानें आधीं मुलांच्या पायांकडे पाहिलें. आंत ‘लांकडी खांब’ एवढीच चिठ्ठी, तीहि बारीक अक्षरांत. आमच्याबरोबर एक सुताराचा पोरगा होता. तो खांबापाशीं थांबून इतर मुलांस सांगूं लागला, कीं हें लांकूड सागाचें, ही वेल पटाशीनें काढलेली, आणि येथें खिळा नाहीं, कुसूं बसवून सांधा केला आहे. मुलें कान देऊन ऐकत होतीं. (आमच्या वर्गांत तीं इतकीं कधीं ऐकत नाहींत!) तेवढ्यांत मागून दरडावणी आली, “पुढें चला, गर्दी करूं नका!” त्या खोलींत खांबाविषयीं खरें कांहीं ठाऊक असलेला एकटा तोच होता, आणि त्यालाच पुढें ढकललें.

जुन्या कारागिरांचीं नांवें सांपडत नाहींत, असें उत्तर मिळतें. खरें आहे; कोणीं विचारलींच नाहींत. पण धंदा, हत्यार, कृति हें तर लिहितां येतें कीं नाहीं? आणि जीं नांवें ठाऊक आहेत त्यांचें काय? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मेस्त्रींच्या घरचे. शाळा फारशी लाभली नाहीं, परंतु त्यांनीं सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळविला आणि १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा बोलपट नव्हे, मूकपट काढून कर्जांत जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. अशा माणसाचें चित्र भिंतीवर टांगून त्याच्या घराण्याच्या रंध्या-पटाशीविषयीं अवाक्षर न लिहिणें, ही कसली रसिकता?

आमची मागणी फार मोठी नाहीं. यमाईच्या यात्रेंत हजारों माणसें डोंगर चढतात. त्या दिवसांत दार उशिरांपर्यंत उघडें असावें. चिठ्ठ्या ठळक मराठींत असाव्या. ज्या वस्तु घडविणारे आजहि आहेत, त्यांस दालनांत बसवून काम करवावें आणि त्याबद्दल शाल-नारळ नव्हे, पुऱ्या दिवसाची मजुरी द्यावी. सल्लागारांत पदवीधरांच्या शेजारीं एक पाथरवट, एक कुंभार बसूं द्यावा. बुडबुड इंग्रजी त्याला येत नसली तरी दगड व माती त्याला कळते.

जे वाचक येत्या यात्रेस औंधास जातील, त्यांनीं देवीचें दर्शन झाल्यावर संग्रहालयांतहि जावें. आपल्या धंद्याची वस्तु हुडकून ती कशी घडते तें अभिप्रायाच्या वहींत लिहावें. वही नसेल तर मागून घ्यावी. लिहितां येत नसेल तर बरोबरच्या मुलाकडून लिहवून घ्यावें आणि खालीं आपलें व गांवाचें नांव घालावें.