दीड तासाचं विमान, अकरा तासांची वाट

‘‘मावशी, नागपूरहून मुंबई दीडच घंटा लागते!’’ भाच्याने मोबाइल पुढे केला. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या मुलाला मुंबईत अपघात झाला होता. फोन आला तेव्हा रात्र झाली होती, धानोऱ्यातून बस मिळणार नव्हती. सोबत मीही निघाले.

मैत्रिणींनो, हा ‘दीड घंटा’ नीट समजून घ्यायला हवा. नागपूर ते मुंबई विमानाची सरळ वाट सुमारे 680 किलोमीटर. विमान वर गेलं की ताशी आठशेच्या आसपास धावतं. म्हणजे तासाभरात पोचायला हवं, नाही का? पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून ते मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. चढणं, उतरणं आणि मुंबईच्या आकाशातली गर्दी, सगळं त्यात आलं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाताना थोडा जास्त वेळ लागतो, येताना कमी.

पण आपला प्रवास नागपूरहून कुठे सुरू होतो? पहाटे चारला भाड्याची जीप निघाली. गडचिरोली, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड असा दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. पाच तास ती बिचारी एक शब्द बोलली नाही. विमानतळावर वेळेआधी पोचावं लागतं, नाहीतर काउंटर बंद होतो. म्हणून चहासुद्धा गाडीतच. मुलाच्या उशाशी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अकरा तासांतला दीड तास आकाशातला! आणि जीपचं भाडं तिकिटाच्या जवळपास गेलं, ते वेगळंच.

नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून 1949 पासून चार महानगरांची टपाल-विमानं मध्यरात्री तिथे जमून थैल्यांची अदलाबदल करत. पत्रांची एवढी सोय झाली! 2025 मध्ये 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही पूर्ण झाला, नागपूर-मुंबई आठ तासांवर आलं. तोही नागपूरहूनच सुरू होतो. आता गडचिरोलीत विमानतळाची घोषणा आहे. होऊ दे बापा, नको कोण म्हणतं? पण 52 किलोमीटरच्या वडसा-गडचिरोली रेल्वेची वाट पाहण्यात आमची किती वर्षं गेली! मला विचाराल तर आधी रात्रीची एक बस द्या, आणि एक पहाटेची, थेट नागपूरला जाणारी. विमानापेक्षा ती स्वस्तात होईल.

मुलगा आता कुबडीवर चालतो. गटाच्या वहीत आम्ही दोन जीपवाल्यांचे नंबर लिहून ठेवलेत, रात्रीच्या भाड्यासकट. अशा वेळेसाठी दर महिन्याला थोडे पैसे वेगळे काढायचे का, यावर मात्र अजून वाद चालू आहे.