स्वस्त खोली आणि रिते घर

कष्टकऱ्यालाही प्रवासाचा हक्क आहे, ही समाजवादी चळवळीची जुनी भूमिका. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला, तो याच भूमिकेतून. परंतु रजेबरोबर परवडणारा निवाराही हवा. म्हणून जुन्या शहरातील घरात चालणारे साधे अतिथिगृह ही क्षुल्लक बाब नव्हे. मात्र त्या घरात पूर्वी कोण राहत होते, हे विचारल्यावाचून त्याचे स्वागत करता येणार नाही.

लिस्बनचे उदाहरण बोलके आहे. १७५५ च्या भूकंपातून बऱ्याच अंशी बचावलेल्या आल्फामा भागात चढणीच्या गल्ल्यांतून अरुंद, उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. जुन्या पद्धतीच्या घरगुती अतिथिगृहात मालकीण त्याच घरात राहते आणि काही खोल्या पाहुण्यांना देते. न्हाणीघर सामाईक, जिना अरुंद. गैरसोय असते, पण भाडे बेताचे, आणि घर राहते ठरते.

पुढे चित्र पालटले. २०११ मध्ये पोर्तुगालला कर्ज देताना युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने घातलेल्या अटींनुसार २०१२ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण सैल केले. २०१४ मध्ये अल्पमुदतीच्या पर्यटक-निवासासाठी स्वतंत्र नियम आले. जेथे पिढीजात बिऱ्हाडे होती, तेथे दाराशी किल्लीची पेटी लटकू लागली. पाहुणा येतो, पण यजमान नाही आणि शेजारही नाही.

गोठवलेल्या भाड्यांमुळे घरे मोडकळीस आली होती व पर्यटकांच्या पैशाने ती सावरली, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. लिस्बनची लोकसंख्या १९८१ मधील सुमारे आठ लाखांवरून २०११ पर्यंत साडेपाच लाखांवर आली होती, म्हणजे ही गळती पर्यटनाच्या लाटेपूर्वीचीच. परंतु दुरुस्तीची किंमत भाडेकरूने घर सोडून चुकवावी, हा न्याय कोणता? ती जबाबदारी सार्वजनिक निधीची आहे.

२०१८ च्या कायद्याने नगरपालिकांना निर्बंधाचे अधिकार मिळताच लिस्बनने आल्फामासह काही जुन्या भागांत नव्या नोंदण्या थांबविल्या. बार्सिलोनाने २०२४ मध्ये दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपविण्याचे जाहीर केले.

दिशा योग्य आहे, पण विवेक हवा. स्वतः राहून दोन खोल्या देणारे कुटुंब आणि इमारतीच विकत घेणारे भांडवल यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. सरसकट बंदीने केवळ महागडी हॉटेले उरतील आणि सामान्य प्रवासी पुन्हा वेशीबाहेर राहील. म्हणून परवान्याची पहिली अट एकच असावी: खोली देणाऱ्याची चूल त्याच घरात पेटत असली पाहिजे.