हाड जुळेपर्यंत

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांच्या फेऱ्या एकदाच्या आटोपतात आणि कोल्हापूर-मिरज पट्ट्यातल्या महाविद्यालयांत अस्थिव्यंगोपचाराच्या एम.एस.ची नवी तुकडी रुजू होते. नीट-पीजीचा डोंगर चढून आलेल्या या मुलामुलींची पुढची तीन वर्षे कॅज्युअल्टी, प्लास्टर रूम आणि ऑपरेशन थिएटर यांतच जाणार. आधीच्या पिढीने शिकताना फारसा न ऐकलेला एक विषय मात्र यांच्या वाट्याला आला आहे, तो म्हणजे पुनर्जनन वैद्यक, रिजनरेटिव्ह मेडिसिन. मोडलेले सांधायचे, झिजलेले बदलायचे, एवढ्यावर न थांबता गेलेली ऊती शरीराकडूनच पुन्हा घडवून घ्यायची, हा त्याचा ध्यास. कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी आणि पुनर्जनन वैद्यकाचा विभागही उभा आहे. आपल्या भागात हे शिक्षण मिळते आहे, याचा अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. नव्या तुकडीचे मनापासून स्वागत करताना तिला एक पत्ता सांगावासा वाटतो. बावड्याहून पंचगंगा ओलांडून शियेच्या बाजूने महामार्गाला लागले की शिरोली एमआयडीसी येते. या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम तिथे आहे.

म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी कोल्हापुरात इंजिनांच्या कामाचा जो पाया घातला, त्यावर पुढे फौंड्र्या उभ्या राहिल्या आणि उद्यमनगर अपुरे पडू लागल्यावर पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने शिरोलीत पसरल्या. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पंपांचे बिडाचे भाग इथे ओतले जातात. यंत्रे आली तरी अंगमेहनत संपलेली नाही. मोल्डिंगला उकिडवे बसायचे, कोअर बसवायला कमरेतून वाकायचे, फेटलिंगला ग्राइंडर अंगाशी धरून पाळीभर उभे राहायचे. चाळिशी गाठेपर्यंत कंबर आणि गुडघे बोलू लागतात. प्रेसवर बोटे जातात. आणि रात्रपाळी सुटल्यावर, डोळ्यांवर झोप असताना, महामार्गावर दुचाकी घसरते आणि नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर येते.

शरीरातल्या बहुतेक जखमा व्रण ठेवून भरतात. हाड मात्र हाडानेच भरते, आणि नीट जुळले तर काही वर्षांनी एक्स-रेवर मोडल्याची खूणही शोधावी लागते. हे सामर्थ्य निसर्गानेच दिलेले आहे. डॉक्टरने त्याच्या आड यायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते. उघड्या फ्रॅक्चरची जखम पहिल्या काही तासांत भरपूर पाण्याने धुणे, मेलेला भाग काढून टाकणे, प्रतिजैविक वेळेवर सुरू करणे, रक्तपुरवठा जपणे. हे काम रात्री दोन वाजता बहुधा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, म्हणजे ‘जेआर-वन’च्याच हातून होते, आणि त्याला कुठे टाळ्या पडत नाहीत. पण तिथे हयगय झाली, हाडात पू धरला, की पुढची दोन-दोन वर्षे आणि घरातले किडूकमिडूक त्यापायी जाते. प्रयोगशाळेतल्या पेशींविषयी शिकण्याआधी जखम धुवायला शिका, हे सांगणारा शिक्षक ज्यांना भेटेल ते विद्यार्थी भाग्यवान.

पुनर्जननाचा खरा चमत्कार पाहायला परदेशीही जावे लागत नाही. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गॅव्रिल इलिझारोव्ह या शल्यविशारदाने गेल्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले, की हाड नीट कापून त्याची दोन टोके रोज थोडी थोडी दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी संपादित केलेला अस्थिशल्याचा जाडजूड ग्रंथ देशभरचे पदव्युत्तर विद्यार्थी वाचतात, आणि स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानात त्यांनी या शास्त्राची शाळाच उभी केली. शिरोलीहून मिरज तासाभराच्या अंतरावर आहे.

या उपचारात पायाभोवती पोलादी रिंगा असतात, त्यांना ताणलेल्या तारा हाडातून गेलेल्या असतात आणि रिंगा एकमेकींना आट्यांच्या सळ्यांनी जोडलेल्या असतात. सळी सहा मिलिमीटर जाडीची, आट्याची पिच एक मिलिमीटर. नट पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर. दिवसातून चार वेळा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. त्याहून घाई केली तर नवे हाड विरळ पडते, फार रेंगाळले तर फट वेळेआधीच जुळून जाते. दहा नंबरचा पाना घेऊन हे काम रुग्ण घरी स्वतः करतो. पुस्तक वाचून आलेल्या विद्यार्थ्याला हे समजायला वेळ लागेल. लेथवर हयात घालवलेल्या शिरोलीच्या टर्नरला एम-सिक्सच्या आट्याचे गणित कुणी शिकवावे लागत नाही.

त्याला अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. पाच सेंटिमीटर हाड गेले असेल तर नुसते ताणायलाच पन्नास दिवस, आणि ते पक्के होऊन रिंग काढेपर्यंत सात-आठ महिने सहज जातात. या सात-आठ महिन्यांत पगाराचे काय? कामगार राज्य विम्यात नाव असेल आणि अपघात कामावरचा ठरला, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणून वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम अपंगत्व असेपर्यंत मिळू शकते. साध्या आजारपणाचा लाभ ७० टक्के, आणि तोही वर्षात ९१ दिवसच. योजनेची वेतनमर्यादा २१ हजार रुपयांची. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या, परराज्यांतून आलेल्या कित्येकांचे नाव कुठल्या कागदावर असते की नसते, हे अपघातानंतरच कळते. मग माणूस रिंगसकट कामावर येतो, किंवा कंटाळून ‘काढून टाका’ म्हणतो. हाड वाढवण्याचे शास्त्र मिरजेत पोचले, पण हाड वाढेपर्यंत घर चालवण्याची व्यवस्था अजून प्रत्येक घरापर्यंत पोचलेली नाही. नव्या डॉक्टरांनी केसपेपरवर फ्रॅक्चरच्या प्रकाराबरोबर रुग्णाचा विमा क्रमांक आणि अपघाताची जागा व वेळही लिहावी. त्या दोन ओळींवर एखाद्या कुटुंबाचे वर्षभराचे रेशन अवलंबून असते.

आता गुडघ्याविषयी. ‘वंगण संपलंय’ हे आपल्याकडचे ठरलेले निदान, आणि त्यावर इंजेक्शनचा बाजार बसला आहे. रक्तातल्या प्लेटलेट्स गोळा करून दिलेले पीआरपी, हाडाच्या मज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी, या सगळ्यांना सरसकट ‘स्टेम सेल’ म्हणून कामगाराच्या सोसायटीच्या कर्जावर विकले जाते. विद्यार्थ्यांनी याचा इतिहास नीट वाचावा. विल्यम हंटरने लंडनमध्ये १७४३ सालीच नोंदवले होते, की सांध्यातली कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, हे त्याचे मोठे कारण. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १९९४ साली, स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात परत रोवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्ण होते २३. ते काम होते तरुण गुडघ्यातल्या मर्यादित खड्ड्यासाठी. साठीतल्या, सगळी वाटी घासलेल्या गुडघ्याला ते आजही लागू पडत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर स्पष्टच सांगितले, की रक्तविकारांसारख्या मान्य आजारांपलीकडे मूलपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचा. औषध नियंत्रकांनी मान्य केलेली पेशी-उत्पादने मोजकीच आहेत, तीही ठरावीक दुखण्यांसाठी आणि ठरावीक टप्प्यावर.

म्हणून या पदवीतली सर्वांत अवघड कसोटी सुई कुठे टोचायची ही नाही. समोर बसलेल्या फेटलरला, ‘दादा, यानं कूर्चा उगवणार नाही, दुखणं काही महिने कमी झालं तर होईल, व्यायामानं आणि वजन घटवल्यानंही तितकाच फरक पडेल,’ हे शांतपणे सांगता यावे, ही ती कसोटी. तो ऐकून दुसऱ्या दवाखान्यात जाईलही. तरी सांगायचे. आमचे मत असे, की ज्या विभागात इंजेक्शन दिलेल्या रुग्णांची दोन वर्षांची नोंद ठेवली जात नाही, त्या विभागाने पुनर्जनन हा शब्द आपल्या पाटीवर लिहू नये.

वाईट वाटते ते विज्ञान खोटे म्हणून नव्हे, ते खरे असूनही असे बदनाम होते म्हणून. कोविडनंतर स्टेरॉइडमुळे खुब्याचा रक्तपुरवठा तुटलेले तरुण रुग्ण अस्थिविभागांनी पाहिले. दारूच्या अतिसेवनानेही हेच होते. तिशीतल्या माणसाचा खुबा बदलण्याआधी तो वाचवता आला तर त्याची पुढची तीस वर्षे बदलतात. तिथे पेशींच्या उपचाराला खरी जागा असू शकते, आणि ती सिद्ध करायला प्रामाणिक नोंदी लागतील, त्याही आपल्याच रुग्णांच्या. प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला विषय कुठला मिळणार?

शिरोलीकडून शिकण्यासारखे आणखीही आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचे कोबाल्ट-क्रोमचे भाग मेणाच्या साच्यावरून ओततात. ओतकाम कोल्हापूरला शिकवायचे नसते. जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने एकत्र बसून जो पाय घडवला, त्याने लाखो माणसे चालू लागली. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय बांध्याचा ‘इंडस’ गुडघा तयार करवून घेतला. आपल्याकडचे विद्यार्थी आणि आपल्याकडचे पॅटर्नमेकर यांची अजून साधी ओळखही नाही.

आणि पंचगंगेला विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय नदीच्या त्या बाजूला आणि कारखाने या बाजूला, अशी स्थिती झाली. पुराच्या दिवसांत तुटलेले बोट घेऊन निघालेल्या कामगाराने जायचे कुठे? तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवायची, बोट थेट बर्फात टाकायचे नाही, एवढी साधी माहितीसुद्धा किती सुपरवायझरांना आहे?

शिरोलीच्या उद्योजकांच्या ‘स्मॅक’ या संघटनेने आपल्या वसाहतीत एक खोली द्यावी आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्यातून एक दिवस, पाळी सुटण्याच्या वेळेला, अस्थिविभागाचे निवासी डॉक्टर तिथे पाठवावेत. सोबत एक वरिष्ठ, एक फिजिओथेरपिस्ट, विम्याचे अर्ज भरून देणारा एक माणूस आणि नोंदींची एक वही. यासाठी नवी इमारत नको, मंत्रालयातली फाइलही नको. कारखानदारांनी आणि अधिष्ठात्यांनी एकदा एकत्र बसावे. नवी तुकडी रुजू होते आहे, तेव्हा हे याच वर्षी व्हावे.