क्षेत्रभेटीचे पाठांतर

संपादक महाशय,


दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण ‘क्षेत्रभेट’ हे असून, तिची उपयुक्तता विशद करणारे गाइडातील उत्तर माझी नात गेल्या आठवड्यात, शाळेच्या कुंपणापासून जेमतेम तीनशे पावलांवर असलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे पाठ करून, पाठ करीत बसली होती. चाचणीत तिला त्या उत्तराचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. क्षेत्रभेट मात्र निघाली नाही.

ज्या तलावांची पाळ आणि पाणी सोडण्याचे तुडुम कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार केवळ नजरेने जोखून कशी बांधली हा भूगोलाचा, १९५० च्या कायद्याने मालगुजारी बरखास्त होऊन ते सरकारच्या ताब्यात कसे गेले हा इतिहासाचा, आणि पाणी आधी कोणाच्या भाताच्या बांधीत जावे व मासेमारीचा ठेका ढीवरांच्या संस्थेस कोणत्या शर्तींवर मिळावा हा नागरिकशास्त्राचा धडा आहे, त्या तलावांच्या या भंडारा जिल्ह्यात सामाजिक शास्त्रांचे तिन्ही विषय चार भिंतींआड वाचून दाखविले जावेत, यास काय म्हणावे?

अभ्यासक्रम पुरा होत नाही, अशी सबब सांगतात. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे मास्तरकी करताना हीच सबब सांगत आलो असल्यामुळे तिची किंमत मला ठाऊक आहे. पाळीवर बसलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास मुलांनी स्वतः तयार केलेले दहा प्रश्न विचारले, तर एका तासात जे उमजेल ते वर्षभराच्या घोकंपट्टीने उमजणार नाही, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ ने कृती आणि शोध यांतून शिकविण्याचा दंडक आठवीपर्यंत घातलाच आहे. नववीत जाताच मुलांचे पाय लुळे पडतात काय?

सहल मात्र दरसाल निघते, आणि तीही नागपूरकडच्या वॉटर पार्कला! तलावांच्या मुलखातील मुलांनी माणशी शेकड्यांनी रुपये मोजून परक्या टाकीत डुंबावे, आणि पालकांनीही ते मुकाट्याने भरावेत, हे आमचे कर्तृत्व.

शिक्षणाधिकारी साहेबांनी निदान एवढे फर्मान काढावे की, मुलाने स्वतः भरून आणलेली प्रश्नावली पाहिल्यावाचून क्षेत्रभेटीच्या प्रश्नाचे गुण कोणीही देऊ नयेत. आमचा तलाव सध्या भरलेला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. साकोली, जि. भंडारा