लोणारची चढण आणि आपलें हृदय

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवर पाहावयास गेलेली मंडळी हंसतखेळत खालीं उतरतात, परंतु सुमारें १५० मीटर खोल विवरांतून परततांना निम्म्या वाटेवरच एखाद्या वहिनी दगडावर टेकतात आणि म्हणतात, “माझीं फुप्फुसेंच नाजूक!” दोष बहुधा फुप्फुसांचा नसतो.

विश्रांतींत हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त फिरवितें. चढणीवर स्नायूंस प्राणवायु अधिक लागतो, म्हणून तेंच प्रमाण १५ ते २० लिटरांपर्यंत जाऊं शकतें. स्नायूंत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठीं श्वासहि जलद होतो. सवय नसलेलें हृदय दर ठोक्यास थोडेंच रक्त पुढें ढकलतें. त्यामुळें त्यास फार धांवावें लागतें.

नियमित व्यायामानें फुप्फुसांचा आकार फारसा वाढत नाहीं. हृदयाचा डावा कप्पा मात्र अधिक रक्त घेऊं व टाकूं लागतो, विश्रांतींतील ठोके कमी होतात आणि स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. व्यायाम सोडल्यास हा लाभ कांहीं आठवड्यांतच ओसरूं लागतो.

मुलांस आखाडा आणि मुलीसुनांस उंबरठा, ही वांटणी हृदयास ठाऊक नाहीं. रोज अर्धा तास झपाझप चालणें किंवा सूर्यनमस्कार घालणें, हें घरांतील सर्वांनींच करावें; वडीलधाऱ्यांनीं तें बेताबेतानें वाढवावें. छातींत कळ किंवा घेरी आल्यास मात्र तत्काळ थांबून डॉक्टरांस दाखवावें.

असा क्रम दोन-तीन महिने चालला, तर तीच चढण वहिनी बहुधा बोलत बोलत चढतील.