मराठी कादंबरीतील मुसलमान पात्रे आणि त्यांची उसनी भाषा

मराठी कादंबरीत मुसलमान पात्र अवतरले की त्याच्या भाषेचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. पात्र गरीब असेल तर ते 'हम क्या करेगा, साब' अशा मोडक्या हिंदीत बोलून वाचकाची करमणूक करते. खानदानी असेल तर त्याच्या तोंडी लखनौच्या बैठकीतले, खरे तर हिंदी चित्रपटातले, उर्दू घातले जाते. लेखक उदारमतवादी असेल तर तेच पात्र शुद्ध सदाशिवपेठी मराठी बोलते आणि अधूनमधून 'अल्ला' उच्चारून आपली ओळख पटवते. या तिन्ही प्रकारांना आपली समीक्षा 'अस्सल वातावरणनिर्मिती' म्हणून दाद देत आली आहे. एखाद्या कुणब्याच्या तोंडी चुकीच्या तालुक्याची बोली आली तर परीक्षणाचे अर्धे पान खर्ची घालणाऱ्या समीक्षकांचे कान येथे मात्र बंद होतात.

हा दोष सर्वांत ठळकपणे दिसतो तो मराठवाड्याच्या पार्श्वभूमीवरील लेखनात. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे दखनीचे जुने घर आहे. वली आणि सिराज या कवींच्या नावांपुढे 'औरंगाबादी' लागते ते याच शहरामुळे. येथील सामान्य मुसलमान घरात बोलतो ती दखनी, आणि ती बिघडलेली उर्दू नव्हे. 'हौ', 'मेरेकू', 'कायकू', 'लोगाँ', 'बाताँ' अशी तिची स्वतःची रूपे आहेत, स्वतःचे व्याकरण आहे. त्यातही मराठी लेखकाने थबकून ऐकावे अशी गोष्ट अशी की, तिच्यातला 'नक्को' हा मराठीचा 'नको' आहे. 'वो आयाइच नै' या वाक्यातला जोर देणारा 'च' मराठीचा आहे. 'आता बोलके बोल्या' ही रचना 'येतो म्हणून म्हणाला' या मराठी साच्याशी, आणि तेलुगूशीही, नाते सांगते. आता आपला लेखक काय करतो ते पाहावे. अस्सलपणाच्या हौसेने तो 'मेरेकू नक्को' खोडतो आणि 'मुझे नहीं चाहिए' लिहितो. मुसलमान पात्राला अधिक मुसलमान करण्याच्या भरात त्याच्या तोंडातली मराठीच काढून घेतली जाते. आणि मग तेच पात्र या मातीत परके वाटते म्हणून कादंबरीत चिंतन सुरू होते!

नुक्त्यांचेही तसेच. मजुराच्या तोंडच्या 'क'खाली काळजीपूर्वक नुक्ता देणाऱ्या लेखकाला दखनी बोलणारा माणूस तो उच्चार 'ख'कडे झुकवतो हे ठाऊक नसते. तो नुक्ता शब्दकोशातून आलेला असतो, मोहल्ल्यातून नव्हे.

धर्मावरून भाषा ठरवण्याची ही सवय इतिहासाच्या कसोटीलाही उतरत नाही. 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत चाले आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. त्या काळी शिकलेला ब्राह्मण वकील किंवा मराठा कारकून सफाईने उर्दू लिहीत-बोलत असे, तर खेड्यातला मुलाणी किंवा पिंजारी गावकीचे सारे व्यवहार मराठीत करी. त्या काळावर लिहिणाऱ्या कादंबरीत अस्खलित उर्दू एखाद्या देशपांड्याच्या तोंडी आणि अस्सल गावरान मराठी एखाद्या शेखच्या तोंडी सहज शोभेल. अशी योजना करण्याचे धाडस किती जणांनी केले? वर्ग, शिक्षण, पिढी आणि गाव यांनी घडवलेली भाषा एकट्या धर्माच्या खात्यावर मांडली की पात्राचा नमुना होतो.

कोकणात प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. हमीद दलवाई यांच्या 'इंधन'मधील (1965) कोकणी मुसलमान समाजाची घरचीच बोली कोकणी वळणाची आहे. त्या समाजातल्या पात्राला 'अस्सल' करण्यासाठी उर्दू बोलायला लावणे हा शुद्ध खोटेपणा ठरेल. आणि दलवाईंचा दाखला देऊन मराठवाड्यातील पात्राला सरसकट मराठी बोलायला लावणे हाही आळसच. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) महारवाड्यातल्या घरात आयुष्य काढणारे मुसलमान 'दादा' आहेत. धर्म पाहून भाषा वाटणाऱ्या लेखकाने या माणसाच्या तोंडी कोणती भाषा घातली असती?

येथे दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला वाचकाच्या सोयीचा: दखनी संवाद मराठी वाचकाला कळणार नाहीत. मराठी कादंबरीत इंग्रजी वाक्येच्या वाक्ये तळटीपेवाचून छापली जातात, तेव्हा ही काळजी कोठे असते? 'नक्को' ज्याला अडतो तो वाचक मराठी तरी कितपत जाणतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याचे जगणे त्यानेच लिहावे, इतरांनी त्या वाटेला जाऊ नये, असे तो सांगतो. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले त्यामागे प्रस्थापित चित्रणाविषयीचा जो असंतोष होता, तो रास्त होता. पण या असंतोषातून मनाईहुकूम काढला तर सर्वाधिक सुटकेचा निःश्वास टाकील तो ऐकण्याचे कष्ट नको असलेला लेखक. 'आम्हांला अधिकारच नाही' असे म्हणून तो कादंबरीतला मोहल्ला गाळून टाकील आणि या गाळण्याला नम्रता म्हणवून घेईल.

परक्याने लिहूच नये असे म्हणणाऱ्यांनी पैठणकडे पाहावे. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यातला तुर्क आपल्या हिंदुस्तानी बोलीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो, दोघे एकमेकांची उणी काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. दोघांना एकमेकांची भाषा कळते हे त्या संवादाचे गृहीतच आहे. दुभाषा लागत नाही. तुर्काची बोली तेथे हास्यास्पद नाही, कारण तिच्यात त्याला युक्तिवाद करता येतो. पात्राच्या भाषेची खरी परीक्षा येथे होते. त्या बोलीत त्याला वाद घालता येतो का, शोक करता येतो का, खोटे बोलता येते का? आपल्या कादंबऱ्यांतील 'चाचा' केवळ आशीर्वाद देतात, नाहीतर सुरा काढतात.

बाख्तिनचे नाव मराठी समीक्षेत आता सरावाचे झाले आहे. पण प्रत्येक उच्चार कोणाला तरी उद्देशून असतो हा त्याचा साधा मुद्दा संवाद लिहिताना विसरला जातो. शहागंजातला दुकानदार आईशी दखनी बोलेल, जालन्याहून आलेल्या गिऱ्हाइकाशी मराठी, मौलवींशी जपून उर्दू आणि तहसील कचेरीत कदाचित तिन्हींची सरमिसळ. तो कोणापाशी कोणती भाषा सोडतो, केव्हा धरतो आणि कोणती बोलायला लाजतो, यात त्याचे चरित्र आहे. एकाच रंगाची भाषा त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेसवली की हे सारे नाहीसे होते.

शहराच्या नावाचेच पाहावे. मलिक अंबरची खडकी, मग औरंगाबाद, आणि 2023 पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. येथे नाव घेणे ही साधी गोष्ट नाही, हे विद्यापीठाच्या 1994 च्या नामविस्तारापर्यंत चाललेल्या लढ्याने सर्वांना शिकवले आहे. आज या शहरावर लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीतला रिक्षावाला बसस्थानकावर उतरलेल्या प्रवाशासमोर कोणते नाव घेतो, पोलिसासमोर कोणते आणि रात्री घरी कोणते? आणि निवेदक स्वतः कोणते वापरतो? मराठी हस्तलिखितांत सहसा हे सर्वजण एकच नाव घेतात, आणि ते लेखकाचे असते.