मत पटवावे कसे?

मत मांडणे सोपे असते. ते दुसऱ्यास पटविणे ही मात्र कष्टसाध्य कला आहे. महाविद्यालयात वादग्रस्त विषयांवर निबंध लिहावे लागतात. तेथे चढा स्वर कामी येत नाही. मग काय कामी येते?

वर्ध्याजवळील सेवाग्रामशी निगडित असलेली एक घटना याचे उत्तर देते. १९३७ साली गांधीजी या गावी राहत असत. गावाचे नाव तेव्हा शेगाव होते. मुलांना सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून व हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावे आणि त्यांच्या कामातून शिक्षणाचा खर्च निघावा, अशी त्यांची योजना होती. तिच्या विचारासाठी ऑक्टोबरमध्ये वर्ध्यास परिषद भरली. तेथे डॉ. झाकिर हुसेन यांनी योजनेविषयीच्या शंका निर्भीडपणे मांडल्या. तरीही अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच देण्यात आले! समितीने योजनेचा पुरस्कार केला. पण कमाईवरच भर दिल्यास शिक्षणाचा मूळ हेतू मागे पडेल, हा धोकाही अहवालात स्पष्ट नमूद केला.

आपल्या मनातील शंका लेखकाला ठाऊक आहे, हे दिसले की वाचकाचा विश्वास बसतो. म्हणून मुलांनो, विरुद्ध बाजू आधी प्रामाणिकपणे मांडा; मग पुराव्यानिशी तिला उत्तर द्या. उत्तर सापडलेच नाही, तर आपले मत पुन्हा तपासून पाहा. जिंकण्याहून सत्य जाणणे अधिक मोलाचे आहे.